तिरपं आसन

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी संध्याकाळची वंदना बाबा घ्यायचे. मला समजायला लागलं तेव्हापासून हे असंच होतं. वंदना घ्यायची म्हणजे सगळ्यांच्या पुढे मूर्तीसमोर बसायचं, एक ओळ म्हणायची आणि थांबायचं. मागे बसलेली माणसं ती ओळ म्हणतात. त्यांची संपली की पुढची. बाबांना कोणी नेमलेलं नव्हतं. पण त्यांचं पाठांतर चोख होतं आणि आवाज जाड, लांबपर्यंत जाणारा. चांदवडकडच्या खेड्यातून नाशिकरोडला आलेला, चार इयत्ता शिकलेला माणूस. कामावर दिवसभर साहेबांचं ऐकायचं आणि घरी आईचं. त्यांच्या मागून चारचौघांनी काही म्हणावं अशी जागा त्यांना आयुष्यात एकच मिळाली होती, विहारातली ती पुढची चटई.

ती जागा मी त्यांच्याकडून काढून घेतली. भांडून नाही, गोड बोलून. आज माझं वय तेव्हाच्या बाबांच्या वयाच्या जवळ आलंय, आणि ही गोष्ट मी अजून कोणाला नीट सांगितलेली नाही.

बाबा एकलहऱ्याच्या थर्मलमध्ये, म्हणजे वीजनिर्मितीच्या कारखान्यात, टर्बाइनवर होते. सत्तरच्या सुमारास ते तिथे लागले आणि आम्ही खेडं सोडलं. मी एकदाच आत गेलो होतो, कुटुंबीयांना दाखवायचा काहीतरी कार्यक्रम होता तेव्हा. त्या आवाजाचं वर्णन करता येत नाही, कारण तो कानांनी ऐकायचा आवाजच नव्हता. तो छातीत आणि दातांत वाजत होता. तिथली माणसं बोलत नव्हती, हातांनी खुणा करत होती. बाबांनी मला एका यंत्राजवळ नेलं. त्यांच्याकडे हातभर लांब लोखंडी सळई होती. सळईचं एक टोक त्यांनी बेअरिंगच्या कवचावर टेकवलं, दुसरं कानामागच्या हाडाला लावलं आणि डोळे मिटले. मग सळई माझ्या कानामागे लावली. बाहेर तो गदारोळ चालू असताना हाडातून एक सरळ, शांत घरघर आत आली. बाबा माझ्याकडे पाहून हसले. बेअरिंग बिघडायच्या आधी ही घरघर खरखरीत होते, हे त्यांनी मला बाहेर आल्यावर सांगितलं.

ही सळई आमच्या घराच्या चुकीचं मूळ ठरली.

कानात घालायला कापसाचे बोळे मिळत. बाबा ते खिशात ठेवत. "कापूस कोंबला तर मशीन काय म्हनतंय ते कसं कळायचं?" असा त्यांचा सवाल असे. काही वर्षांनी त्यांना कुकरची शिट्टी ऐकू येईना. मग दारावरची कडी वाजवलेली कळेना. आधी आम्ही हसायचो. मग आई चिडायला लागली. तिचा आवाज ठसठशीत होता, तो त्यांना ऐकू यायचा. माझी धाकटी बहीण बारीक आवाजाची. ती दोनदोनदा हाक मारायची आणि बाबा पेपर वाचत राहायचे.

"माझं ऐकू येतं, पोरीचं येत नाय," आई म्हणायची. "कामाचं तेवढं ऐकायचं, बाकीचं सोडून द्यायचं. लय हुशार माणूस हाय."

"अगं, बेअरिंगमधली बारीक खरखर कळती मला," बाबा म्हणायचे. "कान गेलेल्याला कळली असती का?"

हे आम्हालाही पटायचं. सळईने ऐकू येतं म्हणजे कान ठीक आहेत. कान ठीक आहेत म्हणजे बाबा मुद्दाम दुर्लक्ष करतात. बाबांनी पहिली अर्धी गोष्ट धरली, आम्ही दुसरी. सबंध कारखान्याच्या वसाहतीत घरोघरी हेच चाललं असावं, कारण आईच्या मैत्रिणीही आपापल्या नवऱ्यांबद्दल हीच तक्रार करायच्या आणि हसायच्या.

बहिणीने मात्र भांडण केलं नाही. ती शाळेत जायच्या वयाची होती. तिने हळूहळू एक सवय लावून घेतली: हाक मारायची नाही. बाबांच्या समोर जायचं, त्यांच्या मनगटाला हात लावायचा आणि त्यांनी वर पाहिलं की मग बोलायचं. मला ते लाडात येणं वाटायचं. ती घरातल्या सगळ्यांच्या आधी शहाणी झाली होती, हे मला फार उशिरा कळलं.

विहारात गोंधळ सुरू झाला तो पंखा आल्यावर. विहार म्हणजे विटांची एक खोली आणि तिला पुढे-मागे पत्र्याची वाढवलेली जागा. उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची, म्हणून सगळ्यांनी वर्गणी काढून पंखा बसवला. त्या दिवसापासून बाबा चुकायला लागले. ओळी नाही चुकल्या, थांबणं चुकलं. लोक अजून मागची ओळ म्हणत असायचे आणि बाबा पुढची सुरू करायचे. कधी उलटं व्हायचं. लोकांची ओळ संपलेली असायची, सगळे गप्प, आणि बाबा मूर्तीकडे तोंड करून हात जोडून वाट बघत बसलेले. मग मागून कोणीतरी खाकरायचं.

आता कळतं की यात काहीच गूढ नव्हतं. पुढे बसणाऱ्याचं तोंड मूर्तीकडे असतं आणि पाठ लोकांकडे. त्याला लोक दिसत नाहीत. ओळ संपली का, हे त्याला फक्त कान सांगतात. पंख्याच्या घरघरीत बाबांच्या कानांना लोकांच्या ओळीचा शेवट सापडत नव्हता. पण तेव्हा मला हे कळलं नाही. मला फक्त पोरांचं खिदळणं ऐकू येत होतं, आणि ते माझ्या बाबांवर होतं.

मी तेव्हा नुकताच एका शाळेच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो. इस्त्रीचे कपडे घालत होतो. माझ्यासाठी स्थळं बघत होते. एका रविवारी मुलीकडची माणसं आली आणि वंदनेची वेळ झाली म्हणून तीही आमच्याबरोबर विहारात आली. त्या दिवशी बाबा दोनदा लोकांच्या ओळीवर चढले. तिसऱ्यांदा ते इतका वेळ थांबले की सगळ्यांनी मान वर केली. मुलीच्या मामांनी रुमाल तोंडाला लावला. मला दिसलं. ते स्थळ पुढे वेगळ्याच कारणाने राहिलं, पण तो रुमाल माझ्या डोळ्यांपुढून गेला नाही.

विहाराची देखभाल एक निवृत्त मास्तर करायचे. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो.

"मास्तर, बाबांना आता जमत नाही," मी म्हणालो. "तुम्हीच वंदना घेत जा."

"त्यांना विचारलंस?"

"त्यांना वाईट वाटेल. तुम्हीच इच्छा दाखवली असं मी सांगतो."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "माझा आवाज म्हणजे पत्र्यावर खिळा," ते म्हणाले. "लोकांना आवडायचं नाही. पण तू मुलगा आहेस. तू म्हणतोस तर बघू."

घरी येऊन मी बाबांना सांगितलं की मास्तरांना फार दिवसांची हौस आहे, बोलत नाहीत इतकंच. बाबांनी ते दोनदा विचारून घेतलं. मग मान हलवली.

"मिळू दे त्यास्नी पन," ते म्हणाले. "मी लय वर्षं बसलो."

काही रविवार ते मागच्या रांगेत बसले. मग गुडघे दुखतात म्हणाले आणि जायचे थांबले. मला सुटल्यासारखं वाटलं. आज लिहिताना लाज त्या सुटल्यासारखं वाटण्याची आहे.

बहिणीचं लग्न होऊन ती नाशकातच इंदिरानगरला गेली. बाबा निवृत्त झाले. थर्मलची खोली सोडून आम्ही त्याच वस्तीत, विहाराजवळ, आपली दोन खोल्यांची जागा केली. बाबांची सळई कारखान्यात राहिली आणि तिच्याबरोबर त्यांचा पुरावाही. आता ते स्वतःच म्हणायला लागले, "ऐकू येतं रे, पन कळत नाय." आम्ही मोठ्याने बोललो तर दचकायचे, कानावर हात ठेवायचे. "वरडू नको." हळू बोललो तर "आं?" आई कपाळाला हात लावायची. "हळू बोललं तर ऐकू येत नाय, मोठ्यानं बोललं तर सोसत नाय. बोलावं तरी कसं?"

मग मी एक सोपा रस्ता काढला. बहिरं माणूस ज्या ज्या घरात असतं, तिथे हा रस्ता सापडतोच. आम्ही जेवताना बोलत असू, हसत असू. बाबा विचारत, "काय झालं?" मी म्हणे, "काही नाही." दुसऱ्यांदा विचारलं तर, "नंतर सांगतो." नंतर कधी सांगितलं नाही. हळूहळू त्यांनी विचारायचं सोडलं.

एकदा बहीण माहेरी आली होती. जेवणं झाल्यावर भांडी विसळता विसळता ती मला म्हणाली, "दादा, बाबा आपल्या बोलण्यावर हसत नाहीत. आपण हसलो की हसतात. एक क्षण मागे असतात. बघ नीट."

मी म्हणालो, "तुझं आपलं काहीतरीच."

रात्रीच्या जेवणात मी बघितलं. ती खरं बोलत होती.

बाबांना मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं बहिणीनेच ठरवलं. तिथे एका जाड भिंतींच्या छोट्या खोलीत त्यांना बसवलं, कानांवर गोल चकत्या चढवल्या आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेतून ते मला दिसत होते. सुरुवातीला ते भराभर दाबत होते. मग त्यांचा अंगठा बटणावर तसाच राहिला. तपासणाऱ्या बाई एकामागून एक आवाज सोडत होत्या, दर वेळी त्यांच्या यंत्रावर दिवा लागलेला मला दिसत होता, आणि बाबा परीक्षेला बसलेल्या पोरासारखे एकटक त्यांच्या तोंडाकडे बघत होते. अंगठा हलला नाही.

बाईंनी कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडे ती बरी होती, पुढे टेकडीवरून घरंगळल्यासारखी खाली गेली होती. त्या म्हणाल्या, "जाड आवाज शाबूत आहेत. बारीक गेलेत. कारखान्याच्या आवाजाने आधी हेच जातात, आणि वर्षानुवर्षं हळूहळू जातात, म्हणून माणसाला स्वतःलाही कळत नाही. आता वयाचंही त्यात मिसळणार. बोलण्याचा घुमारा यांना ऐकू येतो, पण स, श, त, क ही अक्षरं त्यात सापडत नाहीत. भांडं दिसतं, काठ दिसत नाहीत, असं समजा."

मी सळईचं विचारलं.

"ती घरघर जाड," त्या म्हणाल्या, "आणि ती हाडातून जात होती, हाताला लागत होती. बारीक खरखरीतलं किती त्यांना शेवटी शेवटी ऐकू येत होतं आणि किती सवयीने कळत होतं, कोण सांगणार? त्यावरून कान ठीक आहेत असं ठरवायचं नसतं."

बाबांनी विचारलं, "काय म्हनतात?"

माझ्या तोंडात "काही नाही" आलं होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या स्वतः खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसल्या. ओरडल्या नाहीत. जरा सावकाश, नेहमीच्याच आवाजात, खिडकीच्या उजेडात चेहरा धरून त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. गेलेलं परत येणार नाही हेही सांगितलं. बाबा ऐकत होते, बघत होते. मध्ये एकदाही "आं" म्हणाले नाहीत. शेवटी त्यांनी बाईंना हात जोडले. "लय दिवसांनी सगळं कळलं," ते म्हणाले.

मग ऐकायचं यंत्र आलं. काड्यापेटीहून मोठी डबी, खिशात ठेवायची. तिच्यातून निघालेली वायर आणि कानात बसवायचं बोंडूक. डबीत पेन्सिल सेल. पहिल्याच दिवशी बाबांनी ते काढून ठेवलं. शर्टाची घडी डबीवर घासली की त्यांच्या कानात पत्रे ओढल्यासारखं होई. बोंडूक जरा सैल बसलं की शिट्टी वाजे. ती आम्हा सगळ्यांना ऐकू येई आणि त्यांना नाही. आईने आपल्या जुन्या मऊ लुगड्याची एक पिशवी शिवली, गळ्यात अडकवायची, छातीवर डबी घट्ट धरणारी. कापड घासायचं थांबलं. "माझं लुगडं बांधून फिरताय," आई म्हणाली. "आता तरी ऐका."

बाबा हसले. एक क्षण मागे नाही, वेळेवर.

सवय करायला फार दिवस लागले. बाईंनी सांगितलं होतं, एकदम बाजारात जाऊ नका. आधी शांत घरात, एका माणसाशी. मग दोघांशी. मग ओट्यावर. बहीण दर आठवड्याला इंदिरानगरहून यायची आणि आमच्यावर डोळा ठेवायची. दुसऱ्या खोलीतून बोलायचं नाही. आधी हात लावायचा, त्यांनी बघितलं की बोलायचं. जेवताना रेडिओ बंद. कळलं नाही तर तेच वाक्य ओरडून पुन्हा म्हणायचं नाही, वेगळ्या शब्दांत सांगायचं. विषय बदलला की आधी सांगायचं, आता अमक्याबद्दल बोलतोय. बाबांची खाट तिने फिरवली, म्हणजे खिडकी त्यांच्या पाठीशी आली आणि उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडू लागला. हे सगळं ती आठ-नऊ वर्षांची असताना आपोआप करत होती. मी कारकून होऊन ते शिकत होतो.

पण यंत्राने विहार काही जवळ आला नाही. एकदा बाबा ते घालून गेले आणि थोड्याच वेळात उठून आले. "पंखा, खोकला, पोरं, सगळं एकच होतं," म्हणाले. यंत्र सगळंच मोठं करायचं. काय ऐकायचं आणि काय सोडायचं हे त्याला कळत नव्हतं. मग ते पुन्हा रविवारी घरी बसू लागले. आई एकटीच जायची.

एका रविवारी मी बाजारातून भाजीची पिशवी घेऊन येत होतो. वंदना चालू होती, मास्तरांचा पत्र्यावरचा खिळा बाहेरपर्यंत येत होता. विहाराच्या मागच्या बाजूने वळलो तर बाबा तिथे उभे होते. यंत्र नव्हतं. त्यांनी उजव्या हाताचा तळवा पत्र्यावर ठेवला होता आणि डोळे मिटले होते. ओठ हलत होते. आत सगळे मिळून ओळ म्हणत की पत्रा थरथरायचा. ओळ संपली की थांबायचा. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्यांना कळलं नाही. ते लोकांच्या ओळीबरोबर सुरू करत होते आणि लोकांच्या ओळीबरोबर थांबत होते. एकदाही चुकले नाहीत.

मी तसाच मागे फिरलो आणि लांबून घरी आलो. भाजी निवडायला बसलो. मेथीच्या काड्या हातात आणि पानं टोपलीबाहेर, असं माझं चाललं होतं. आई आली, माझ्याकडे पाहून म्हणाली, "हे काय?" तिला मी सगळं सांगितलं: पत्रा, मास्तर, रुमाल, सगळं. तिने माझ्या हातातल्या काड्या काढून घेतल्या. मग म्हणाली, "मला कशाला सांगतोस? ज्याचं हाय त्याला सांग."

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर मी बाबांसमोर बसलो. ते ओट्यावर होते, गळ्यात पिशवी. मी खाली मान घालून बोलायला लागलो.

"तोंड वर कर," बाबा म्हणाले. "दिसत नाय."

मी तोंड वर केलं. बोलताना माझा हात आपोआप ओठांवर गेला.

"हात काढ."

मी हात काढला आणि म्हणालो, मास्तरांना हौस नव्हती. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कुनाला?" ओरडायचं नाही, वेगळ्या शब्दांत सांगायचं. मी म्हणालो, "आता वंदनेबद्दल बोलतोय." त्यांनी मान हलवली. "तुमची वंदना मी बंद केली. मास्तरांना मी सांगितलं. मला लाज वाटत होती."

मनातल्या मनात मी हे कितीदा तरी म्हटलं होतं, पण पुटपुटत, अंधारात, कोणाच्याही डोळ्यांत न बघता. बहिऱ्या माणसापुढे तसं बोलता येत नाही. उजेडात बसून, त्याच्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द मोकळा करून सांगावा लागतो, आणि कळलं नाही तर दुसऱ्या शब्दांत परत. शेजारच्या ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या काकूंनी सूप खाली ठेवलं होतं. त्यांनाही सगळं ऐकू गेलं.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले, अजून काही यायचंय का अशा नजरेने. मग म्हणाले, "मास्तरला हौस हाय म्हनून मी उठलो. तुला लाज वाटते म्हनून नसतो उठलो."

मी काही म्हणायला गेलो. त्यांनी कानातलं बोंडूक काढलं, वायर बोटाला गुंडाळली आणि डबीसकट पिशवीत ठेवून दिली. मग रस्त्याकडे बघत बसले. मी बोलत राहिलो असतो तरी काही उपयोग नव्हता. थोडा वेळ बसून मी आत गेलो.

चार-सहा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आईशी बोलत होते. त्याच दिवसांत आई मास्तरांकडे जाऊन आली. मला नंतर कळलं ते असं. आई म्हणाली, बाबांना लोक दिसले तर त्यांना थांबता येईल. मास्तर म्हणाले, पुढे बसणाऱ्याने मूर्तीला पाठ कशी करायची? आई म्हणाली, पाठ करायला कोण सांगतंय, चटई तिरपी टाका, एक खांदा मूर्तीकडे, एक खांदा आमच्याकडे. मास्तरांनी विचार केला.

"कुठे लिहिलेलं नाही की चटई सरळच हवी," ते म्हणाले. "आणि खरं सांगू का वहिनी, माझ्या आवाजाचा मलाच कंटाळा आलाय."

रात्री जेवताना आईने बाबांच्या मनगटाला हात लावला आणि चटईचं सांगितलं. "पुढच्या रांगेत मी बसंन," ती म्हणाली. "लोकांची ओळ संपली की जोडलेले हात जरा खाली घेईन. ते बघायचं आणि पुढची म्हनायची."

बाबा घास हातात धरून ऐकत होते. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"तू नको," ते आईला म्हणाले. "हा बसंल."

त्या दिवसांत त्यांनी माझ्याबद्दल उच्चारलेले हे पहिले शब्द.

रविवारी मी सर्वांत पुढे, बाबांच्या अगदी समोर बसलो. पंखा मास्तरांनी आधीच बंद केला होता. लोक वह्यांनी वारा घेत होते. बाबा तिरप्या चटईवर बसले. गळ्यातल्या पिशवीवर जोडलेले हात आले. त्यांनी आधी मूर्तीकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. पहिली ओळ म्हटली. इतक्या दिवसांनी तो जाड आवाज त्या खोलीत भरला आणि मागे कोणीतरी हुंकार दिला. लोकांनी ओळ म्हटली. संपली. मी हात खाली घेतले. बाबांनी दुसरी सुरू केली.

मध्ये एकदा गफलत झाली. माझे हात थरथरत होते आणि ते जरा खाली घसरले. लोकांची ओळ अजून अर्ध्यावर होती. बाबांनी पुढची सुरू केली. मागे पोरं खिदळली. बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, ओळखलं आणि थांबले. लोकांचं संपू दिलं. मी हात छातीशी घट्ट धरले, आणि मग मुद्दाम, सगळ्यांना दिसतील असे, खाली घेतले.

घरी परत येताना ते माझ्या बाजूने चालत होते. वाटेत थांबले, दिव्याच्या खांबाखाली, उजेड माझ्या तोंडावर पडेल असे उभे राहिले.

"हात कशापायी हलत होते?"

"भीती वाटत होती," मी म्हणालो.

"मला बी वाटायची," ते म्हणाले. "पाठीमागं काय चाललंय ते दिसायचं नाय."

पुढच्या काही वर्षांत त्यांचे कान आणखी गेले. नवं यंत्र आलं, ते कानामागे बसणारं होतं. तेही पुरेनासं झालं. आईची हाक जाईनाशी झाली. शेवटी शेवटी स्वतःचा आवाज किती मोठा लागतोय हेही त्यांना कळत नसे, मग मी हवेत तळवा किंचित खाली दाबून दाखवी आणि ते आवाज खाली आणत. चटई तिरपीच राहिली. कोणी नवीन आलं आणि विचारलं की ही अशी का, तर मास्तर म्हणत, "इथली रीत आहे."

रविवारी कुठलंही काम निघालं तरी मी संध्याकाळी नाशिकरोडला परतत असे. बाबा तयार होऊन दारात उभे असत. मी जवळ जाऊन त्यांच्या मनगटाला हात लावी. ते वर बघत, आणि मग आम्ही निघत असू.